गुण्या, कर्कटक आणि कवटी : किल्ल्यातली चिन्हं वाचताना

मासेमारीची बंदी चालू आहे, बोटी वर ओढलेल्या आहेत, म्हणून आज पाचूबंदरात व्याख्यानाला एवढी माणसं बसलेली दिसतायत. एरवी या वेळेला इथे बोलणाऱ्याला फक्त मांजरं भेटली असती. ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो, की पाचूबंदर ही वसईच्या किल्ल्याला लागून असलेली कोळ्यांची वस्ती. इथल्या मुलांना किल्ला सहलीला जाऊन बघावा लागत नाही, तो त्यांच्या अंगणासारखाच आहे.

आजचा विषय फ्रीमेसनांच्या चिन्हांचा. हा विषय इथे कशाला, असं काहींना वाटेल. पण किल्ल्यावर केलेल्या व्हिडिओंचा एक ठरलेला प्रकार तुम्हीही पाहिला असेल. पडक्या चर्चमध्ये एक तरुण हळू आवाजात बोलतो. मागे घुं-घुं असं संगीत. मग कॅमेरा एखाद्या दगडावर जातो आणि तो म्हणतो, हे बघा, हे टेम्प्लरांचं चिन्ह, हे फ्रीमेसनांचं, इथे काहीतरी गुप्त चालायचं. आणि गुप्त म्हटलं की पुढचा शब्द येतोच, खजिना.

त्या मुलांची टिंगल करायची नाही. दगडाजवळ जाऊन तो निरखून बघतात, एवढं तरी ते करतात, आपल्यातले किती जण करतात? माझी तक्रार त्यांच्या वाचनाच्या पद्धतीबद्दल आहे. इथलं चिन्ह तिथल्या चिन्हासारखं दिसतं, म्हणून ते तिथलंच आहे, अशी ती पद्धत. मी साहित्य शिकवणारा माणूस. मला हे वाचन ओळखीचं वाटलं, कारण ते एका गाजलेल्या गोष्टीत आधी होऊन गेलेलं आहे. आधी त्या गोष्टीकडे जाऊ, मग किल्ल्यात येऊ.

गोष्ट रुडयार्ड किपलिंगची. हा आपल्या मुंबईत जन्मलेला, १८६५ साली, जे. जे. कला शाळेच्या आवारात. वडील लॉकवुड किपलिंग तिथे शिल्पकला शिकवायचे. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची उठावशिल्पं त्यांची आहेत. म्हणजे छिन्नीचा आवाज या मुलाने पाळण्यात ऐकलेला. पुढे लाहोरला वर्तमानपत्रात नोकरी करताना १८८६ साली, वयाची एकवीस वर्षं पुरी व्हायच्या आत, तो तिथल्या लॉजमध्ये फ्रीमेसन झाला. दोन वर्षांनी त्याने 'द मॅन हू वुड बी किंग' ही कथा छापली.

कथेत ड्रॅव्हॉट आणि कार्नेहन नावाचे दोन लफंगे आहेत. सैन्यातून सुटलेले, रिकामटेकडे, पण धाडसी. हिंदुस्थानात आता आपल्याला जागा उरली नाही, म्हणून ते बंदुका घेऊन काफिरिस्तानात राजे व्हायला निघतात. दोघेही फ्रीमेसन. तिथल्या डोंगरी लोकांना लॉजमधल्या हस्तांदोलनाच्या खुणा ठाऊक आहेत असं त्यांना आढळतं. पण खालच्या दोन पायऱ्यांच्याच. तिसरी, वरची पायरी त्यांना माहीत नाही. झालं. ड्रॅव्हॉट देवळातच लॉज भरवतो. तेवढ्यात एक म्हातारा पुजारी पुढे येतो, देवाच्या दगडाचा तळ खरवडतो, आणि ड्रॅव्हॉटच्या कमरेच्या एप्रनवर जी खूण आहे तीच खूण त्या दगडाखाली निघते! सगळे पुजारी त्याच्या पाया पडतात. दोन भामटे एका क्षणात देव होतात.

ती खूण तिथे कुठून आली, हे किपलिंग सांगत नाही. कथेचं सगळं बळ मला यात दिसतं. स्वतः फ्रीमेसन असलेला लेखक, त्याला लॉजच्या प्राचीनपणाची जाहिरात करायची उत्तम संधी होती. त्याने ती घेतली नाही. खूण सारखी आहे एवढंच आपल्याला दिसतं. ती त्याच अर्थाची आहे, हे पुजाऱ्यांनी मानलेलं आहे आणि ड्रॅव्हॉटने त्याचा फायदा उठवलेला आहे. पुढे लग्नाच्या वेळी घाबरलेली नवरी त्याला चावते, रक्त येतं, आणि देवाला रक्त कसं येईल म्हणून सगळा डोलारा कोसळतो. दगडाखालच्या खुणेने दिलेलं राज्य एका चाव्याने जातं.

या कथेवर जॉन ह्यूस्टनने १९७५ साली चित्रपट काढला. शॉन कॉनरी, मायकेल केन, आणि बिली फिशच्या भूमिकेत आपले सईद जाफरी. चित्रपट देखणा आहे, मी तो अनेकदा पाहिलाय. पण नेमक्या या जागी तो घसरतो असं माझं मत आहे. तिथे एप्रनच्या जागी गळ्यातलं पदक आलं, आणि खुणेला खुलासा मिळाला, की ती सिकंदराने मागे ठेवलेली. वर सिकंदराचा खजिनाही आला. कथेत जे रहस्य माणसांच्या डोक्यात होतं ते चित्रपटाने दगडात नेऊन ठेवलं. किल्ल्यावरचे आपले व्हिडिओ या दुसऱ्या प्रकारचे आहेत. त्यांनी किपलिंग वाचलेला नाही, त्यांनी ह्यूस्टन पाहिलाय. किंवा ह्यूस्टन पाहिलेल्या कुणाला तरी पाहिलंय.

आता या चिन्हांचं मूळ बघू.

लॉज म्हटलं की आपल्याला बोर्डिंग-लॉजिंग आठवतं. (हशा) हसू नका, मूळ अर्थाच्या तुम्ही फार लांब नाही. युरोपात मोठी चर्चं बांधायला वर्षानुवर्षं लागत. त्या बांधकामाच्या कडेला पाथरवटांची एक शेड असे, तिथे दगड घडवायचे, हत्यारं ठेवायची, दुपारची डुलकी काढायची. ती शेड म्हणजे लॉज. त्यांची हत्यारं कोणती? काटकोन तपासायचा गुण्या. माप घ्यायचा कर्कटक. भिंत उभी सरळ आहे का बघायचा ओळंबा. आडवी पातळी बघायचं साधन, हातोडा, थापी. फ्रीमेसनांचं जे जगप्रसिद्ध चिन्ह आहे ते दुसरं काही नाही, एक गुण्या आणि त्यावर उघडा कर्कटक. आपली सहावी-सातवीतली प्रत्येक पोर दप्तरातल्या कंपासपेटीत हे गुप्त चिन्ह घेऊन शाळेत जाते, आणि कर्कटकाने बाकावर नाव कोरते.

या पाथरवटांच्या संघटनांचे जुने नियम उपलब्ध आहेत. इंग्लंडमधलं सगळ्यात जुनं हस्तलिखित साधारण १३९० चं, पद्यात लिहिलेलं. त्यात भूमितीचा जनक म्हणून युक्लिडची महती गायली आहे, आणि कामाला उशिरा येऊ नका, मालकाचा पैसा वाया घालवू नका, असले उपदेश आहेत. स्कॉटलंडमध्ये विल्यम शॉ या राजाच्या बांधकाम-अधिकाऱ्याने १५९८ आणि १५९९ साली लॉजसाठी नियम घालून दिले. दुसऱ्या नियमावलीत कारागिराच्या स्मरणकलेची परीक्षा घ्यावी असं एक कलम आहे. डेव्हिड स्टीव्हन्सन या इतिहासकाराने फ्रीमेसनरीचा उगम स्कॉटलंडात शोधला तेव्हा याच कलमावर बोट ठेवलं. मला त्याचं म्हणणं पटतं, कारण त्यामुळे चिन्हांचं एक कोडं सुटतं. चिन्हं लपवायला नव्हती, ती लक्षात ठेवायला होती. पुढे लॉज दारूच्या गुत्त्यांत भरायला लागले तेव्हा जमिनीवर खडूने आकृती काढत. गुण्या, ओळंबा, दोन खांब, जिना. सभा संपली की नव्या सभासदाच्या हातात फडकं देऊन ती पुसायला लावत. ज्यांच्या दारात रोज रांगोळी निघते आणि पुसली जाते त्यांना हे समजावून सांगायला नको. पुसायचा कंटाळा आला तेव्हा ती आकृती कापडावर आली, मग फळीवर, आणि मग कायमची होऊन बसली.

दरम्यान लॉजमध्ये न बांधणारी माणसं शिरू लागली. एलायस अ‍ॅशमोल हा विद्वान १६४६ साली सभासद झाला. दगडाला त्याने कधी छिन्नी लावली नसेल. १७१७ साली लंडनमध्ये चार लॉज एकत्र येऊन महालॉज झाला असं परंपरा सांगते. १७२३ साली जेम्स अँडरसन या पाद्र्याने त्यांची घटना छापली, आणि तिला इतिहासाचं एक लांबलचक शेपूट पुढच्या बाजूला जोडलं, थेट आदमापासून! सॉलोमनचं देऊळ, ते बांधणारा हिराम, त्याचा खून, ही कथा तिसऱ्या पायरीशी जोडलेली छापील रूपात दिसते ती १७३० साली. म्हणजे जे सॉलोमनच्या काळातलं म्हणून सांगितलं जातं, त्याचा छापील पुरावा पहिल्या बाजीरावाच्या काळातला.

गवंडी गेले, हत्यारं राहिली, आणि हत्यारांना अर्थ चिकटले. गुण्या म्हणजे सचोटी. कर्कटक म्हणजे वासनेला घातलेली मर्यादा. ओळंबा म्हणजे ताठ वागणूक, पातळी म्हणजे समता. विल्यम प्रेस्टनने १७७२ साली हे सगळं व्यवस्थित लिहून काढलं. अर्थ वाईट नाहीत, आणि अगदी उपरेही नाहीत. आपणही म्हणतोच की, अमका सरळ आहे, तमक्याचं वागणं वाकडं आहे. हत्याराची भाषा माणसाला लावायची सवय सगळीकडे आहे. फक्त अर्थ आधी आणि चिन्ह नंतर, असा क्रम इथे नाही.

अर्थ आणि कारागीर यांचं नातं मात्र व्यस्त आहे. हत्यारं वापरणारे जसे बाहेर पडले तशी हत्यारं पवित्र होत गेली. चामड्याचा एप्रन पाथरवट घालायचा तो दगडाच्या कपचीने मांडी फाटू नये म्हणून. लॉजमध्ये तोच एप्रन पांढऱ्या कोकराच्या कातड्याचा झाला, कडेला निळी फीत आली, आणि तो न्यायाधीश, डॉक्टर, कर्नल, सावकार यांच्या कमरेला आला. मुंबईच्या फोर्टातल्या फ्रीमेसन हॉलमध्ये खरा गवंडी शिरला असेल तर छत गळतंय म्हणून.

आता किल्ल्यात या. तीन चिन्हांबद्दल बोलतो.

पहिला क्रूस. टोकांशी रुंद होत जाणारा, मध्ये पोकळ, पोर्तुगीजांच्या जहाजांच्या शिडांवर असायचा तो. त्याला टेम्प्लरांचा म्हणतात, आणि गंमत अशी की यात थोडं तथ्य आहे. टेम्प्लर ही धर्मयुद्धांतल्या लढाऊ साधूंची संघटना. पोपने ती १३१२ साली बरखास्त केली. पोर्तुगालच्या दिनीश राजाने शक्कल लढवली. टेम्प्लरांची मालमत्ता दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून १३१९ साली 'ऑर्डर ऑफ ख्राइस्ट' अशी नवी संघटना काढून तिच्याकडे वळवली. पाटी बदलली, जमीन तीच. पुढे राजपुत्र हेन्रिक तिचा कारभारी झाला, आणि समुद्रसफरींना तिचा पैसा आणि तिचा क्रूस मिळाला. वसईत हा क्रूस आला तो राज्यसत्तेची मोहोर म्हणून, जशी आपल्या सरकारी कागदावर सिंहांची मुद्रा असते. टेम्प्लर ते पोर्तुगाल हा धागा खरा. टेम्प्लर ते फ्रीमेसन हा धागा मात्र अठराव्या शतकात विणलेला. १७३७ साली रॅमझी नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने पॅरिसमध्ये भाषण लिहून लॉजचं नातं धर्मयुद्धांशी लावलं. सरदार-दरकदारांना गवंड्याचे वारस म्हणवून घ्यायला लाज वाटत होती, त्यांना घोडेस्वार पूर्वज मिळाले. त्या एका भाषणानंतर युरोपभर टेम्प्लर पदव्यांचं पेव फुटलं.

दुसरी कवटी, खाली दोन आडवी हाडं. किल्ल्यात असो की जुन्या गोव्यात, पोर्तुगीज थडग्याच्या दगडावर ती दिसली की लोक एक तर चाचे म्हणतात नाही तर फ्रीमेसन. इथे बसलेल्या ख्रिस्ती मंडळींना मी काय सांगणार? घरातल्या जुन्या क्रूसाकडे बघा. येशूच्या पायाखाली, अगदी तळाशी, बारीकशी कवटी आणि हाडं असतात. ती आदमाची. क्रूस रोवला त्या टेकडीचं नावच गोलगोथा, म्हणजे कवटीची जागा, आणि आदम तिथेच पुरलेला होता अशी जुनी श्रद्धा. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावताना जे आठवायचं, तेच ही कवटी दगडावरून सांगते. लॉजमध्ये ती आली तिसऱ्या पायरीच्या हिरामकथेबरोबर, म्हणजे अठराव्या शतकात, आणि आली ती चर्चच्या अंगणातून. उसनं कुणी घेतलं ते नीट बघा. शेजाऱ्याने तुमची परात नेली आणि पन्नास वर्षांनी कुणी येऊन म्हणालं, ही परात तुमच्याकडे कशी, ती तर शेजाऱ्यांची, तसा हा प्रकार आहे.

तिसरा त्रिकोणातला डोळा. हा तर थोडक्यात उरकता येतो. तो ख्रिस्ती चित्रकलेत त्रैक्याचं चिन्ह म्हणून होता, अमेरिकेने १७८२ साली राजमुद्रेवर घेतला, आणि लॉजच्या पुस्तकांतून त्याचा प्रसार झाला तो १७९७ च्या वेबच्या पुस्तकानंतर. डॉलरच्या नोटेवर तो १९३५ साली आला. डॉलर बघून चर्चचा अर्थ लावणं म्हणजे नातवाच्या चेहऱ्यावरून आजोबांवर चोरीचा आरोप करण्यासारखं आहे.

आणि एक साधा हिशेब तारखांचा. वसई पोर्तुगीजांकडे आली डिसेंबर १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाच्या तहाने. गेली मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या हाती. हिंदुस्थानातलं पहिलं लॉज कलकत्त्याचं, १७२९-३० च्या सुमारास, इंग्रजांचं. मुंबईत १७५८ साली. आणि पोप बारावा क्लेमेंट यांनी फ्रीमेसनांवर बंदीचा फतवा काढला २८ एप्रिल १७३८ रोजी. बंदीनंतर पोर्तुगालात काय झालं तर जॉन कूस्टॉस या जवाहिऱ्याला लिस्बनमध्ये १७४३ साली धर्मन्यायालयाने पकडून त्याचे हाल केले, कारण काय, तर लॉज चालवतो. ज्या वसईवर गोव्याच्या धर्मन्यायालयाची नजर, आणि जिच्याभोवती १७३७ पासून मराठ्यांच्या मोहिमेचा फास आवळत चाललेला, तिथल्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या दगडांवर लॉजची चिन्हं शोधायची म्हणजे शिवाजी महाराजांच्या पत्रात मोबाइल नंबर शोधायचा.

मग वसईत बंधुसंघ नव्हताच का? होता की! मिझेरिकॉर्दिया. १४९८ साली लिस्बनमध्ये लिओनोर राणीच्या पाठिंब्याने सुरू झालेली ही गृहस्थांची संस्था, तिची शाखा वसईतही होती. कैद्यांना जेवण, विधवांना मदत, बेवारस प्रेताला खांदा, ही तिची कामं. तिचं चिन्ह म्हणजे मारिया मातेने आपला झगा पसरलाय आणि त्याखाली राजा, बिशप, भिकारी सगळे उभे. ते मिरवणुकीत सगळ्यांसमोर असायचं. मुख्य म्हणजे या बंधूंमध्ये दोन वर्ग असत, एक उमरावांचा आणि एक हातकाम करणाऱ्यांचा. समता नव्हती, पण सुतार आणि गवंडी निदान यादीत होते. ज्यांना किल्ल्यात एखाद्या भ्रातृमंडळाच्या खुणा शोधायच्याच आहेत त्यांनी या शोधाव्यात. त्यात रहस्य नाही म्हणून व्हिडिओ चालणार नाही, हे मान्य.

आता मुंबईकडे वळतो, कारण टेम्प्लरांची गोष्ट आपल्याकडे खरोखर आली, फक्त किल्ल्यात नाही तर फोर्टात, आणि एका डॉक्टरबरोबर. जेम्स बर्न्स, कंपनीच्या नोकरीतले. काबूलला मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सचे भाऊ. १८३७ च्या सुमारास यांनी टेम्प्लरांच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं. याच माणसाने १८४३ साली मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज काढलं, इथल्या लोकांसाठी. त्यामागे माणकजी करसेटजींचं प्रकरण होतं. या पारशी गृहस्थांना मुंबईच्या गोऱ्या लॉजने प्रवेश नाकारला. ते युरोपला गेले आणि पॅरिसमध्ये फ्रीमेसन होऊन आले. पातळीचं हत्यार भिंतीवर टांगून समतेची भाषणं करणाऱ्यांना एका माणसाला दारात घ्यायला पॅरिसची वळसा-वाट दाखवावी लागली. लॉजच्या चिन्हांवरची याहून नेमकी टीका मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

पुढे खर्शेदजी कामा, जीवनजी मोदी यांच्यासारखे मोठे पारशी विद्वान या लॉजमध्ये आले आणि त्यांनी लॉजच्या विधींचं नातं जरथुश्त्री परंपरेशी लावायला सुरुवात केली. दादाभाई नौरोजीही फ्रीमेसन होते. मोदींचे याविषयीचे निबंध १९१३ साली पुस्तकरूपाने आले. विद्वत्ता निर्विवाद, पण पद्धत तीच: आपल्याकडेही असं आहे, म्हणजे हे मूळचं आपलंच. तरी या वाचनाबद्दल मला जिव्हाळा वाटतो. दारात अडवलेला माणूस आत गेल्यावर पहिल्यांदा काय करतो? हे घर माझ्याही आजोबांनी बांधलंय, असं म्हणतो. व्हिडिओतल्या मुलाला असली काही गरज नाही. तो उलट करतो, आपल्या अंगणातली वस्तू परक्याच्या नावावर लावतो.

किपलिंगकडे एकदा परत जातो, कारण त्याच्या 'किम'मध्ये याहून सुंदर गोष्ट आहे. १९०१ ची कादंबरी. किमचा बाप आयरिश सैनिक, फ्रीमेसन, दारूत मेलेला. त्याचे लॉजचे कागद, म्हणजे सभासदत्वाचे दाखले, पोराला सांभाळणारी बाई चामड्यात शिवून त्याच्या गळ्यात ताईत म्हणून बांधते. लॉजला लोक जादूघर म्हणतात. बापाच्या लेखी ती वर्गणी भरल्याची सोय, बाईच्या लेखी नजर लागू नये म्हणून रक्षण, आणि पलटणीतल्या पाद्र्यांच्या हाती ताईत पडतो तेव्हा पोराची जात-कुळी सांगणारा कागद. कागद तेवढाच. चिन्हाचं आयुष्य कसं असतं ते एका ताइतात दाखवलंय. कुठला अर्थ मूळचा, असं विचारता येतं आणि त्याला उत्तरही आहे, वर्गणीचा. पण ताईत खोटा ठरत नाही. बाईने तो दाखला सॉलोमनचा आहे असं कधी सांगितलं नाही.

असंच आपल्याकडे नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात झालंय. १७४७ साली बांधलेल्या त्या देवळातली मोठी घंटा वसईच्या विजयातली. तिच्यावर पोर्तुगीज अक्षरं आणि १७२१ हे साल आहे. मिस्सेला बोलावणारी घंटा शंकरापुढे टांगली गेली, आणि पुढे गोदावरीला पूर आला की पाणी घंटेपर्यंत पोचलं का हे नाशिककर बघायला लागले. चर्च, विजय, देव, पूर: चार अर्थ एकावर एक. पण घंटा मुळात आमच्याच ओतशाळेत ओतली असं नाशिकमध्ये कुणी सांगत नाही. वसईची, असंच सांगतात.

वसईचे खरे मेसन कोण, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, आणि माझा राग खरा त्याबद्दल आहे. वसईचा दगड नावाजलेला होता. गोव्यातल्या बॉम जेझस चर्चचा दर्शनी भाग, १५९४ ते १६०५ या काळात बांधलेला, काळ्या दगडाचा आहे, आणि तो दगड वसईहून समुद्रमार्गे गेला. कुणी तो खाणीतून काढला, कुणी घडवला, कुणी होडक्यात चढवला? इथल्याच माणसांनी. जगभर पाथरवट घडवलेल्या दगडावर आपली बारीक खूण करत, किती दगड घडवले त्याचा हिशेब लागावा म्हणून. भोपाळजवळ भोजपूरच्या अर्धवट राहिलेल्या शिवमंदिरात अशा शेकड्यांनी खुणा आहेत. भिंतीत दगड बसला की खूण बहुतेक वेळा आत जाते. म्हणजे किपलिंगच्या कथेतल्या त्या दगडाखालच्या खुणेचा सगळ्यात साधा अर्थ, एका कारागिराची मजुरी. देवाच्या दगडाखाली कुणाचा तरी पगार लिहिलेला. कथेतल्या एकाही पात्राला हे सुचत नाही, कारण त्यांच्यातल्या कुणी दगड फोडलेला नाही.

शेवटी एक कामाची गोष्ट, आणि मग प्रश्न घेऊ. किल्ल्यातल्या थडग्यांवरची अक्षरं वाचायला खडू, पीठ, कोळसा चोळू नका. त्याने दगड खराब होतो. सकाळी लवकर किंवा ऊन कलताना जा, तिरप्या उजेडात अक्षर आपोआप उठून दिसतं. फ्रान्सिस्कन साधूंच्या सेंट अँथनी चर्चमध्ये पायाखाली थडग्यांचे दगडच दगड आहेत. पोर्तुगीज येत नसलं तरी एक शब्द ओळखायला शिका, 'सेपुल्तुरा', आणि ओळीच्या शेवटाकडे 'एर्देइरोस'. या दगडांवरचा नेहमीचा मजकूर एवढाच असतो: ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची. मंत्र नाही, संकेत नाही. चर्चच्या जमिनीतली ही जागा आमच्या कुटुंबाच्या नावावर आहे, दुसऱ्याला इथे पुरू नका, असा तो सातबाराचा उतारा आहे. वर कवटी, खाली मालकी हक्क. १७३९ च्या तहाप्रमाणे ते वारस आपली जंगम मालमत्ता घेऊन जहाजांत बसले आणि गेले. दगड जंगम नव्हते.

बोला, कुणाला काय विचारायचंय?